चारशे सतरा कुठली?

रंग खरवडणं हे रिकामटेकड्याचं काम आहे असं माझी बायको म्हणते. ते खरंही आहे. तीस वर्षं झरक़ाच्या शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात एक फौजी ट्रक अंगणात आणून उभा केला. तीन टनी बेडफर्ड, नाक गोल, टप गायब, हौद्याच्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या. मफ़रक़च्या पुढे एका भंगारवाल्याकडे तो बारा वर्षं पडून होता. बायकोनं दारातूनच विचारलं, "अबू क़ैस, न्हाणीघराची तोटी दोन वर्षं गळतेय ती तुम्हाला दुरुस्त होत नाही, आणि हे होणार?"

तोटीवर आकडा नव्हता, ट्रकवर होता. पुढच्या बंपरला चार रिव्हेट ठोकून बसवलेली पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर ४१७.

आमच्या घरात चारशे सतरा हा आकडा कोणाला सांगावा लागत नाही. माझे वडील चोवीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होते. सदुसष्टच्या जूनमध्ये लढाईत पूल पडला, पलीकडची माणसं मोडक्या पुलावरून चालत नदी ओलांडून आली, आणि वडिलांनी त्यांना ट्रकमध्ये भरून वर निर्वासितांच्या छावणीत नेलं. त्याच गर्दीत माझी आई होती. आमच्याकडे कोणाचंही लग्न असो, जेवणं झाली की वडील मांडी ठोकून सांगायचे, "लोक बायको उंटावरून आणतात, मी चारशे सतरामधून आणली." सगळे हसायचे. आई काही बोलायची नाही, चहा ओतत राहायची.

आई गेल्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर वडिलांनी मांडी ठोकली नाही. दारात खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी आत यायचे. मला वाटलं, ज्या गाडीत आई पहिल्यांदा बसली ती गाडी त्यांच्यासमोर चालती करून उभी करावी. खरं सांगायचं तर मलाच ती हवी होती. आईचा फोटो तरुणपणीचा एकही नाही. ती जिथं बसली होती ती जागा तरी हाताला लागेल असं वाटलं.

माझ्या मदतीला निमर उस्ताद होता. त्याच्या नावाचा अर्थ वाघ, पण घरी बायकोसमोर त्याचं मांजर होतं, म्हणून शुक्रवारी नमाज झाली की तो सरळ माझ्या अंगणात यायचा. उलटी बादली घेऊन बसायचा, मरमियाचा पाला घातलेला चहा प्यायचा आणि मला कामं सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्याच्याकडून शिकलो. पण स्वतः कामाला लागला की त्याचा हात चुकत नसे. सहा महिन्यांत त्यानं इंजिनाचे पिस्टन मोकळे केले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, आणि रंगाचं काम माझ्या गळ्यात घातलं.

हिरव्याखाली वाळूचा रंग निघाला. बॉनेटच्या बाजूला वाळूच्या रंगावर पांढऱ्या अक्षरात ४१७. मी पोरासारखा ओरडलो.

"बघ! पट्टीवर आहे, अंगावरही आहे."

निमर उठला, चष्मा पुसला, नखानं त्या सातच्या कडेला टोकरलं. "अबू क़ैस, याच्या खाली आणखी काहीतरी आहे."

"असू दे की."

"मास्तर आहेस ना? मग बघ."

मी बघितलं. ४१७ च्या खाली २०९ होतं. २०९ च्या खाली राखाडी रंगावर इंग्रजी अक्षरं होती, अर्धी पुसलेली. मी फडकं टाकून दिलं.

पुढचा महिना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जितकं खरवडावं तितकं कमी कळायचं. गिअरबॉक्सवर एक साल, इंजिनावर दुसरं. दारं एकमेकांची सावत्र भावंडं. डाव्याच्या बिजागऱ्या उजव्याला जुळत नव्हत्या. मी वहीत सगळं लिहून ठेवायला लागलो आणि वही वाचून जास्तच गोंधळायला लागलो. निमर म्हणाला, "फौजी गाडी म्हणजे मक़लूबाचा भात. उलटून ताटात पडेपर्यंत तळाशी काय आहे कळत नाही."

मग तो स्वतः खाली सरपटत गेला. बराच वेळ आतून घासल्याचा आवाज आला.

"अबू क़ैस," तो आतूनच म्हणाला, "तुझी आई कधी आली म्हणालास?"

"सदुसष्ट."

"चेसिस एकोणसत्तरची आहे."

"नीट बघ."

"अरे, अंधारात बायकोचा मूड वाचतो मी, आकडा वाचता येणार नाही मला? सहा आणि नऊ. इंजिन बदलेल, दार बदलेल. चेसिस म्हणजे पाठीचा कणा. ही गाडी त्या वर्षी जन्मलीच नव्हती."

मला राग आला, तो निमरचाच आला. जणू त्यानंच ते सहा-नऊ तिथं कोरले होते. मी त्याला म्हटलं, तुझा चहा संपला असेल तर घरी जा. तो गेला. मी चाकाला टेकून बसलो. गाडीवर ४१७ आहे आणि गाडी नंतरची आहे. मग एक तर गाडी खोटं बोलत होती, नाहीतर माझे वडील. आणि वडील खोटं बोलत असतील तर आमच्या घरात प्रत्येक लग्नात जे सांगितलं गेलं त्याचं काय? आई त्या गाडीतून आली नसेल तर कशी आली? कोणाबरोबर आली? दोन रात्री मला झोप लागली नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसानं आपल्या आईबापांबद्दल असले प्रश्न विचारू नयेत, पण आले खरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. सगळी गल्ली त्यांना हाजी म्हणते, मीही तेच म्हणतो.

"हाजी, ही गाडी चारशे सतरा नाही."

"आहे," ते म्हणाले. "पट्टी मी ठोकलीय. तिसरा रिव्हेट वाकडा आहे बघ, तो माझ्या अंगठ्यावर बसला होता."

"पण चेसिस एकोणसत्तरची आहे."

"असेल. ही तिसरी. की चौथी?" त्यांनी बोटं मोजली. "चौथी."

"चौथी काय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू भूगोलाच्या मास्तरला उत्तर दिशा विचारावी लागतेय. "अरे बाबा, साहेब तपासणीला आले की वहीत जेवढे आकडे तेवढ्या गाड्या मैदानात उभ्या दिसायला हव्यात. गाडी मरते, आकडा मरत नाही. तिसरीचं इंजिन गेलं तेव्हा जमादार म्हणाला, मुतलक़, ही घे, नंबर दोनशे नऊ. मी म्हटलं, घेतो, पण दरवेळेसारखा आकडा माझा. रातोरात रंगवला, मेलेलीवर दोनशे नऊ. पट्टी काढून हिच्यावर, मग तिच्यावर. चौघींना मी चारशे सतराच म्हणायचो. दुसरं नाव तोंडात बसत नव्हतं."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे वडील खोटे नव्हते, मीच चुकीच्या गाडीच्या मागे लागलो होतो. मी विचारलं, "मग पहिली कुठंय? जिच्यात आई बसली ती?"

समोरून पाव विकणारा सलाम करून गेला, वडिलांची नजर रस्त्यावरच होती.

"ती बसली नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बसलीच नाही. मी हौद्याची फळी खाली केली, तिची आई चढली, धाकटा भाऊ चढला, गाठोडी चढली. तिला म्हटलं, चढ ना ताई. ती म्हणाली, 'तुझ्या गाडीचं तोंड उलट्या बाजूला आहे. फौजेच्या गाड्या तिकडे जायला हव्यात. इकडे कुठं पळतोस?' एकोणीस वर्षांची पोरगी. पायात चप्पल एकच."

"मग?"

"मग काय. चालायला लागली. पुलापासून शूना गावापर्यंत दहा किलोमीटर, जूनचं ऊन. हौद्यातली माणसं मला शिव्या देतायत, अरे, हाक की गाडी. आणि मी तिच्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये. दोनदा पाणी दिलं, एकदा घेतलं."

इतक्या लग्नांत, इतक्या वर्षांत हे कोणालाच माहीत नव्हतं. "पण तुम्ही तर सांगायचात..."

"काय सांगू? पोरगी फौजीला भर रस्त्यात बोलली आणि फौजी मान खाली घालून ऐकत राहिला, हे सांगू? पहिल्यांदा सांगितलं ते तुझ्या आत्याच्या लग्नात. सांगता सांगता तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्या पेल्यात चहा ओतला. काही बोलली नाही. मग मी सांगतच राहिलो."

"आणि तरी तिनं तुमच्याशी लग्न केलं?"

"तीन महिन्यांनी छावणीत गेलो. पायी गेलो. मला बघून म्हणाली, 'गाडी कुठं टाकलीस?'" वडील हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना बघितलं ते तेव्हा. मग हसता हसता त्यांनी डोळे रुमालानं दाबले आणि मला म्हणाले, जा, तुझी तोटी दुरुस्त कर.

त्या दिवशी अंगणात उभा राहून मला कळेना की आता या ट्रकचं करायचं काय. ही ती गाडी नव्हती. ती गाडी असती तरी आई तिच्यात बसलेली नव्हती. मी वर्षभर जी जागा शोधत होतो ती कुठल्याच गाडीत नव्हती. निमरला सगळं सांगितलं. त्यानं दाढी खाजवली, म्हणाला, "मलाही काही कळलं नाही. पण इंजिन पुढच्या शुक्रवारी चालू होईल." पश्चात्तापानं मी त्याला दोन वेळा जेवायला घातलं.

इंजिन चालू झालं. सगळी गल्ली जमली, पोरं हौद्यात चढली आणि निमरनं त्यांना हाकललं. वडील खुर्चीतून उठले. कोणी बोलावलं नव्हतं. दाराच्या कडीला धरून वर चढले, उजवीकडच्या सीटवर बसले, पाय क्लचवर ठेवला. मी धावत जाऊन डावीकडे बसलो. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या हातात ट्रक देऊ नये, हे मला कळत होतं. पण "उतरा" हा शब्द तोंडातून निघेना.

गाडी अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून मोठ्या रस्त्याच्या उजव्या कडेला लागली. पहिला गिअर. इंजिन गळा काढून रडत होतं. मागे दहा-बारा गाड्या अडकल्या, भोंगे वाजायला लागले, कोणीतरी वडिलांच्या सात पिढ्या काढल्या. निमर बाजूनं चालत होता, घामाघूम, ओरडत होता, "हाजी, दुसरा टाका! अल्लाहसाठी दुसरा टाका, मशीन जळेल!"

"हाजी," मी म्हटलं, "दुसरा टाका."

वडील आरशात बघत होते. समोर नाही, त्यांच्या बाजूच्या आरशात, रस्त्याच्या कडेला.

"टाकला तर ती मागे राहील," ते म्हणाले.

ते थट्टा करत होते की नव्हते, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्या गाड्यांना पुढे जायची खूण केली.