शेवटच्या निवाऱ्यातली शेगडी

मित्रांनो, माझ्या अंगावर गंज चढला आहे आणि पोटात आगीपेक्षा राखच जास्त असते. तरीही मी अजून शेगडीच आहे. डांबरी रस्ता संपतो, मग पायवाट संपते, आणि त्यानंतरही कित्येक दिवस चालावे लागते. तिथल्या दगडी निवाऱ्यात मी राहते. इथे दुकान नाही, फोन नाही, हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही. येणाऱ्याने आपले अन्न, आपले अंथरूण आणि आपली अक्कल स्वतःच्या पाठीवर आणायची, असा इथला रिवाज आहे.

एका लोहाराने मला जुन्या बॉयलरच्या पत्र्यातून घडवले. सुटी सुटी होऊन खेचरांच्या पाठीवरून मी वर आले. मला जोडून, धुराडे बसवून झाल्यावर खेचरवाला म्हणाला, "बाई, आता इथून तुझी सुटका नाही." मला त्याचे वाईट वाटले नाही. गारठलेले लोक माझ्यापुढे बसत, मोजे वाळवत, मला दुवा देत. जाताना माझ्यात कोरडी लाकडे रचून ठेवायला ते कधी चुकत नसत. पुढच्याने नुसती काडी ओढायची.

त्यांच्यात एक नर्स होती. एकटीच हिंडायची. तिच्या तोंडाला मात्र क्षणाची उसंत नसे. "काय शेगडीबाई, आज रुसलात वाटतं?" असे म्हणत ती मला फुंकर घालायची.

शेवटच्या खेपेला ती आली, तेव्हा लाकूडफाटा संपत आला होता. सकाळपासून आभाळ भरलेले. ओंजळभर कोरडी लाकडे उरली होती. ती पेटवून तिला चहा करता आला असता. ती थंड पाणीच प्यायली, लाकडे माझ्यात नीट रचली आणि वर सुकी साल ठेवली. "कोणी आलंच तर असू दे. मी आणते अजून." दोर खांद्यावर टाकून ती घळीकडे गेली. ती परत आली नाही.

दुपारी बर्फ पडू लागले. थोड्या वेळाने एक जोडपे धडपडत आत आले. नवरा निवृत्त भूमापक. दोघेही मुरलेले भटके, पण ओढा ओलांडताना बायको पाण्यात पडली होती. तिची बोटे पांढरी पडली होती, तिच्या तोंडून शब्द फुटेना. नवऱ्याने माझे दार उघडले, आणि रचलेली लाकडे पाहून त्याला रडूच कोसळले. एका काडीत मी पेटले. ती वाचली.

कोपऱ्यात कोणाची तरी सॅक दिसताच तो शिट्टी वाजवत पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन आला. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असे धुके होते. तो आत येऊन बसतो न बसतो तोच दोघांनाही ऐकू आले. कोणीतरी लाकडे फोडत होते. ठक... ठक... मीही ऐकले.

"अहो, बर्फात काय करताय? आत या!" तो दार उघडून ओरडला.

बाहेर कोणी नव्हते. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली होती आणि तिच्या दांड्यावर बर्फाचा थर तसाच, न मोडता साचलेला होता.

हवा उघडल्यावर त्याने खाली जाऊन माणसे आणली. नर्स घळीच्या तळाशी सापडली. जोडपे पोहोचण्याआधीच तिचा जीव गेला होता.

त्यानंतर बर्फ पडू लागले की तो आवाज येई. छातीचा कोट करणारे गडीसुद्धा भरदुपारी सामान आवरून निघून जात.

पुढच्या हंगामात त्या जोडप्यासोबत नर्सची आई आली. त्यासाठी तिने वर्षभर टेकड्या चढून पाय तयार केले होते. ती माझ्यापुढे बसली. भूमापकाच्या बायकोने आपले दोन्ही हात तिच्या हातात दिले. "ताई, हे तुमच्या लेकीनं राखलेत."

आई त्या बोटांवरून हात फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "घरात कधी इकडची काडी तिकडे केली नाही कार्टीनं!" तिघेही हसले, आणि हसता हसता रडले.

तेवढ्यात बाहेर अवेळी बर्फ भुरभुरू लागले. ठक... ठक...

जोडपे जागच्या जागी थिजले. आई उठली, दारात गेली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बास झालं गं आता. दमली असशील. ये आत."

आवाज थांबला. दारातून गारव्याची एक झुळूक आली, माझ्यापाशी येऊन विरली. पुन्हा तो आवाज कोणी ऐकला नाही. खोटे कशाला बोलू, मला ती शांतताच जड जाते.

आता येणाऱ्यांकडे स्वतःचे छोटे स्टोव्ह असतात. माझ्या पोटात रिकामे डबे आणि प्लास्टिक कोंबले जाते. एकाने तर आळसापायी बाकाचा पाय मोडून जाळला, आणि जाताना मागे एक काटकीही ठेवली नाही.

मित्रांनो, कधी इतक्या दूर आलात तर माझी राख काढा, धुराडे झाडा, निघताना चार कोरडी लाकडे रचून ठेवा. ती कोणासाठी, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि हवा बिघडलेली असेल, तर दाराला आतून कडी घालू नका. कोणीतरी अजून बाहेर असेल.