कठड्याची उंची

गावाबाहेरच्या कुरणात दर उन्हाळ्यात तीन दिवस संगीताचा आणि कलांचा मेळा भरे. एका टोकाला मोठा मंच, दुसऱ्या टोकाला कुंभारकामाची चाके, मधे गवताच्या भाऱ्यांवर बसून व्हायोलिनच्या तारा जुळवणारे वादक, आणि गालांवर वाघाच्या मिशा रंगवून घेतलेली, कुणाच्याही हाती न लागणारी पोरे. आईबाप सतरंज्या बगलेत मारून सकाळीच येत आणि उन्हे कलेपर्यंत हलत नसत.

कुरणातल्या सर्वांत मोठ्या झाडाखाली मात्र बत्तीस वर्षे एकच खेळ होत आला होता. हातमोज्यासारख्या घालायच्या दोन बाहुल्या, एक टोपीवाला आणि एक त्याच्या टोप्या खाणारी बकरी. टोपीवाला आईच्या हातात असे, बकरी बाबांच्या. लेक तेव्हा बाहेर उभी राहून मुलांना ओळीने बसवी. "आत दोघांचीच जागा आहे," असे बाबा म्हणत, आणि ते खरेही होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी बाबा गेले. मागच्या उन्हाळ्यात झाडाखालची जागा मोकळीच राहिली. बाहुल्यांची ट्रंक आईच्या खाटेखाली गेली. पुढे शहरातल्या संग्रहालयातून एक गृहस्थ येऊन म्हणाले, की बाहुल्या काचेच्या कपाटात फार शोभून दिसतील. आईने त्यांना पाणी दिले, होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. लेकीने मात्र त्याच रात्री ट्रंक खाटेखालून बाहेर ओढली.

"एक खेळ करू, आई. बकरी मी घेते."

"तुला बाबांसारखं बें-बें बेंबटता येतं का?"

लेक बेंबटली. "सर्दी झालेली बकरी आहे," आई म्हणाली. "ठीक आहे. एकच खेळ. जमला तर जमला, नाहीतर ट्रंक त्या काचवाल्याकडे जाईल. मग रडायचं नाही."

दोन महिने त्या दोघी खाटेवर बसून तालीम करीत होत्या. संवाद पाठ झाले, बेंबटणेही सुधारले. खेळाची चौकट मेळ्याच्या गोदामात असल्यामुळे उभ्याने तालीम मात्र झालीच नाही. आईच्या गुडघ्यांना तेवढीच विश्रांती, असे लेकीला वाटले. लेक फिजिओथेरपिस्ट होती. गावच्या लोकांचे गुडघे ताळ्यावर आणण्यात तिची उमेद खर्ची पडत होती, आणि घरच्या गुडघ्यांपुढे मात्र तिने हात टेकले होते.

"इतकी वर्षं तासन्‌तास उभी राहिलीस, त्याचं हे फळ," ती म्हणे.

"उभी कुठे राहिले मी?" आई म्हणे.

आईचा स्वभावच उलट बोलण्याचा, म्हणून लेकीने ते कधी मनावर घेतले नाही.

मेळ्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच गोदामात गेली. चौकट म्हणजे कापडाने वेढलेली लाकडी उभी पेटीच होती. समोर आडवी फळी, तिला घरात सगळे कठडा म्हणत. खेळवणारा आत उभा राहून हात उंच धरी, आणि कठड्यावर फक्त बाहुली दिसे. त्यामुळे कठडा खेळवणाऱ्याच्या टाळूइतका उंच हवा, नाहीतर बाहुलीबरोबर त्याचे डोकेही प्रेक्षकांना दर्शन देते. लेक आत शिरली, तर तिचे कपाळ, डोळे, नाक, सगळे कठड्याच्या वर!

बाबा अंगाने बुटके होते आणि लेक आईच्या अंगलटीवर गेली होती, हे तिला ठाऊकच होते. तिने मेळ्याचे लाकूडकाम बघणाऱ्या सुतारकाकांना हाक मारली.

"काका, चौकटीच्या पायांखाली ठोकळे द्या. कठडा माझ्या टाळूपर्यंत आला पाहिजे."

सुतारकाकांनी तिला खालून वर न्याहाळले. "वीतभर तरी चढवावा लागेल. आईला विचारलंस?"

"विचारलं तर बाबांच्या वस्तूला हात लावू देईल ती? खाली जादा कापड शिवून टाकू, कळणारही नाही."

काका काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्या तोंडात खिळे होते आणि लेक घाईत होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता झाडाखाली साठ-सत्तर मुले मांडी घालून बसली होती. पूर्वी इथेच मुले म्हणून बसलेले काही जण आता आपापली बाळे मांडीवर घेऊन मागे बसले होते. "टोपीआजी आली!" कुणीतरी ओरडले. आईने मान वळवली नाही, पण लेकीला तिचा कान लाल झालेला दिसला.

आत अंधूक होते. आई नेहमीच्या डाव्या बाजूला गेली, हात टोपीवाल्यात घातला, डोळे मिटले, उघडले. बाबांचा नियम होता, की कठड्याकडे बघायचे नाही, बाहुलीच्या डोळ्यांकडे बघायचे. उंची हाताला पाठ असते. आईने हात वर केला आणि खेळ सुरू झाला.

"टोप्या घ्या, टोप्या! उन्हाच्या, वाऱ्याच्या, लग्नाच्या टोप्या!"

बाहेर हशा पिकला. लेक चपापली, कारण इथे हसण्यासारखे काही नव्हते.

"माणूस कुठेय?" एक मुलगी ओरडली. "नुसती टोपीच चाललीय!"

"दिसत नाही! वर या!" बाकीच्यांनी गलका केला.

लेकीने वर पाहिले. टोपीवाला कठड्याच्या खालीच फिरत होता. त्याच्या टोपीचे टोक तेवढे उन्हात गेले होते. आईचा आवाज अडखळला. तिने बाहुलीच्या डोळ्यांकडे पाहिले, मग आपल्या मनगटाकडे पाहिले.

"हात उतरला माझा," ती कुजबुजली. "म्हटलं होतं ना मी. संपलं गं."

आणि मग लेकीची नजर खाली गेली.

आई वाकलेली होती. पाठ ताठ, मान ताठ, पण गुडघे दुमडलेले, जणू पाठीमागे नसलेल्या खुर्चीवर ती अर्धवट बसली होती. वाकण्यात जराही डळमळ नव्हती. ते तिच्या अंगात इतके मुरले होते, की आपण वाकलो आहोत हे तिला कळतही नसावे. तिचे डोके बरोबर बाबांच्या उंचीला आले होते.

बत्तीस वर्षे! लेकीने त्या गुडघ्यांना तेल लावले, शेक दिला, व्यायाम शिकवले. हजार गुडघे तिने पुस्तकासारखे वाचले आणि हे दोन तिला वाचता आले नाहीत. त्यात काल काकांकडून कठडा वर चढवून घेऊन ती गप्प बसली होती.

बोलायची सोय नव्हती. आतला शब्द न्‌ शब्द बाहेर ऐकू जाई. तिच्यापाशी बकरी तेवढी होती. लेकीने हात उंचावला. बकरी कठड्यावर आली आणि वाकून खाली बघू लागली.

"बें! अहो टोपीवाले, वाकून काय चालता? कंबर मोडली की काय?"

मुले खिदळली. हे वाक्य खेळात नव्हते. आईने चमकून लेकीकडे पाहिले.

"सवय आहे, बकरीबाई," टोपीवाला खालून म्हणाला.

"कसली सवय?"

बाहेर दूरवर वाजणाऱ्या बाजाचा एक तुकडा वाऱ्यावर आला आणि गेला.

"शेजारी उभे असत त्यांच्या उंचीची."

"कठडा उंच केलाय आज," बकरी म्हणाली. आवाज लेकीला सांभाळता येईना, सर्दी झालेल्या बकरीचाच झाला. "मीच केला. न विचारता केला. चुकलं माझं. पण आता ताठ उभे राहा की. बघू तरी, केवढे आहात!"

आईने मान उचलून कठड्याकडे पाहिले. मग गुडघे हळूहळू सरळ होऊ लागले. एक गुडघा कटकन वाजला आणि पहिल्या ओळीतल्या पोराने "मोडला!" म्हणून आरोळी ठोकली. टोपी वर आली, भुवया वर आल्या, नाक आले, मिशा आल्या. सबंध टोपीवाला कठड्यावर उभा राहिला तेव्हा मुलांनी अशा टाळ्या पिटल्या, की गवतावरचे वादकही वळून बघू लागले.

"हं," टोपीवाला दम घेत म्हणाला, "आता माझी टोपी खाऊन दाखव!"

खेळ पुढे चालला. बकरीने अकरा टोप्या खाल्ल्या.

खेळ संपल्यावर आई चौकटीमागच्या बाकावर बसली. सुतारकाका हातोडा घेऊन आले आणि अपराध्यासारखे उभे राहिले.

"बाई, काढून टाकू का ठोकळे?"

"तुम्हाला ठाऊक होतं?" लेकीने विचारले.

"चौकट मीच बनवली ना. तेव्हाच म्हटलं होतं, तुझ्या बाबांच्या पायाखाली पाट ठेवू. तर बाई म्हणाल्या, खबरदार त्यांच्यासमोर पाटाचं नाव काढलंत तर!"

"पाटावर उभा राहून माणसाला नाचता येतं का?" आई म्हणाली. "बकरी नाचरी होती ह्यांची." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. लेक तिच्या शेजारी बसली. तिला पुष्कळ बोलायचे होते, पण आईनेच तोंड उघडले.

"काका, दुपारच्या खेळाआधी ठोकळे दोन बोटं तासा. एकदम एवढं ताठ मला नाही झेपायचं."

दुपारचा खेळ! ठरला तर एकच होता.

"मग हिला वाकावं लागेल," काका म्हणाले.

"वाकेन की. दोनच तर बोटं," लेक म्हणाली.

"आणि तुझे गुडघे दुखले म्हणजे?" आईने विचारले.

"माझ्या ओळखीची एक आहे, गुडघ्यांचं बघणारी."

"तिला काही कळत नाही," आई म्हणाली, आणि तिने बकरी लेकीच्या मांडीवर ठेवली. "ते बेंबटणं सुधार आधी."