पुढच्या चाकाचं शिसं

सवत परवडली, पण नवऱ्याची मोटारसायकल नको, असं मी डहाणूला बिऱ्हाड केल्यापासून म्हणत आले. सवत निदान ओट्यावर तेल तरी सांडत नाही. आमचे हे, म्हणजे मोहनराव (गोष्ट सांगायची तर नाव घ्यावंच लागणार), मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होते. अठ्ठावन्न साल होतं. तलासरीकडच्या पाड्यांवर डीडीटीची फवारणी चालायची, तिच्यावर देखरेख करायला यांना रोज जावं लागे. त्यासाठी यांनी लष्कराच्या लिलावातून लढाईत वापरलेली एक मोटारसायकल आणली होती. तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त व्हायचे.

त्या गाडीचं पुढचं चाक थरथरायचं. हळू चालवली तर काही नाही, पण जरा वेग घेतला की हँडल असं हादरायचं की घरी आल्यावरही यांच्या हातातून चहा सांडायचा. एकदा तलासरीपुढे अच्छाडजवळ समोरून ट्रक येत असताना हँडल हातातून सुटलं. हे बाजूच्या भातशेतात पडले आणि गाडी यांच्या अंगावर. कोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून संध्याकाळ झाली की मी फाटकाशी जाऊन उभी राहायचे. मला हा माणूस घरी परत यायला हवा होता. चिडका, हट्टी, पण हाच. सांगायला लाज कसली.

मग दर रविवारी आमच्या ओट्याचा कारखाना झाला. यांनी बेअरिंग बदललं. फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, वाकलाय का ते दोरी लावून पाहिलं. चाकाची एकेक तार पान्याने वाजवली. ढिली तार बद्द आवाज करते, ती ओळखून पिळली. फोर्कला खडू टेकवून चाक फिरवलं, तर रिंगवर सगळीकडे सारखी रेघ उमटली, म्हणजे चाक वाकडं नव्हतं. नवा टायर घातला. थरथर होती तिथेच.

शेवटी कारण सापडलं ते साधंच होतं. गाडी स्टँडवर चढवून चाक अधांतरी फिरवलं की थांबताना हवेची नळी दर वेळी खाली यायची.

"ही बाजू जड आहे," हे म्हणाले. "हिच्या समोरच्या तारांना तेवढंच वजन बांधलं की थरथर गेली. शिसं पाहिजे, ते तारेभोवती गुंडाळता येतं."

शिसं कोळ्यांकडे असतंच, जाळ्याच्या कडेला ओवलेलं. किनाऱ्यावरच्या वरोर गावी रतन म्हणून एक तरणा मच्छीमार यांच्या ओळखीचा होता, फवारणीच्या वेळी यांच्या हाताखाली काम केलेला. हे त्याच्याकडे गेले. त्याच्या घरापुढे बांबूवर एक जाळं एकटंच टांगलेलं होतं, धूळ बसलेलं. रतनने त्याच्याच कडेचं शिसं कापून दिलं. "काकीचं जाळं हाय, साहेब. पडूनच असतं. ती गेलीय वाणगावच्या बाजाराला," तो म्हणाला. यांनी आनंदाने शिसं खिशात घातलं. जाळं पडून का, हे विचारायचं यांना सुचलं नाही. पुरुषांना असले प्रश्न सुचत नाहीत.

शिसं बांधलं आणि थरथर गेली ती गेलीच. हँडलवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळणार नाही, असं हे सगळ्या गल्लीला सांगत सुटले. मी देवापुढे साखर ठेवली.

त्याच आठवड्यात हे उशिरा घरी आले. टायरला ओली वाळू होती.

"समुद्रावर गेला होतात?"

"नाही गं. तलासरीहून सरळ येत होतो. घराकडचं वळण चुकलं. भान आलं तेव्हा सुरूच्या बनात होतो."

माणसाने स्वतःच्या घराचं वळण चुकावं, इतकं डहाणू मोठं नव्हतं. मी टोमणा मारला, हे हसले. दोन दिवसांनी पुन्हा तसंच, आणि या वेळी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मला धडकी भरली ती पँट पाहून नव्हे, यांचा चेहरा पाहून. तो अगदी समाधानी होता.

"हँडल धरावंच लागत नाही," हे म्हणाले. "चाक आपलं आपण जातं."

सुट्टीच्या दिवशी दुपारी हे झोपले असताना मी ओट्यावर गेले. गाडी स्टँडवर होती. मी चाक फिरवून सोडलं. वजन सारखं असलं की चाक कुठेही थांबतं, हे एवढे रविवार फुकट पाहिलं नव्हतं मी. चाक थांबलं तेव्हा शिसं खाली नव्हतं, वरही नव्हतं. आडवं होतं, बरोबर समुद्राच्या बाजूला. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिकडेच. मी यांना उठवलं. यांनी माझी थट्टा करत गाडी उलट्या तोंडाने लावली आणि चाकाला झोका दिला. चाक फिरलं, मंदावलं, थोडं मागे आलं आणि थांबलं. आता शिसं मागच्या अंगाला होतं, आणि तरीही समुद्राकडेच. यांची थट्टा थांबली.

"काढून टाका ते," मी म्हटलं.

"काढलं तर थरथर परत येईल. पुन्हा ट्रकखाली जाऊ?"

"आणि ठेवलं तर कुठे जाल?"

 हे फडक्याने हात पुसत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले असताना एक म्हातारी फाटकातून आत आली. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली. तिने हाक मारली नाही. टोपली उतरवली, गाडीपुढे बसली आणि चाकातल्या शिशावर हात ठेवला. पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"कोण तुम्ही?"

"हिरकणी. वरोरची, रतनची काकी. ह्ये माज्या जाळ्याचं हाय."

मी भांडायच्या तयारीने उभी होते. कसलं शापाचं जाळं टांगून ठेवता आणि लोकांचे नवरे ओढता, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण ती शांतपणे बोलत गेली. त्यांच्या घरचं कोणी दर्यात बुडालं की प्रेत काढायला तेच जाळं टाकायचे. मासळीला ते कधी वापरलं नाही. त्या जाळ्याने तिचा सासरा परत आणला, मग नवरा आणला. गेल्या वादळात तिचा मुलगा हाल्या गेला, तेव्हा मात्र जाळं रिकामं आलं.

"रिकामं आलं तरी त्याचं काम सरलं नाय," ती म्हणाली. "त्ये शोधतंच हाय. म्हणून मी सुकवून ठेवलंय. रतनला काय कळतं?"

"मग घेऊन जा तुमचं शिसं."

तिने मान हलवली. "आता यालाच वाट गावलीय. तुज्या मालकाला एकदा जाऊ दे जिथं नेतंय तिथं. एकदाच. माजा पोर अजून आत हाय, बाय."

तिने माझे पाय धरले. मला तिची दया आली, खरंच आली. पण रागही तितकाच आला. माझा माणूस म्हणजे काय गळाला लावायचं आमिष आहे? मी पक्कड आणली, तारेवरचं शिसं उकललं आणि तिच्या ओंजळीत ओतलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं.

"तुजा घरी येतो ना," ती म्हणाली. "मग जालं."

शिसं पदरात बांधून ती उठली. बोंबलांची टोपली तिने तिथेच ठेवली. फाटकाबाहेर उजवीकडे स्टेशन, वाणगावकडून वरोरला जायची वाट तीच. ती डावीकडे वळली, समुद्राच्या बाजूला. वारा नव्हता, पण पदराची गाठ तिच्यापुढे हातभर ताणलेली होती आणि म्हातारी तिच्यामागून चालली होती. मी हाक मारायला हवी होती. तेवढ्यात आतून यांनी टॉवेल मागितला.

त्या संध्याकाळी हे वेळेवर घरी आले. हँडल पुन्हा थरथरत होतं, म्हणून सगळा रस्ता हळू आले होते. मी यांना पोटभर जेवायला घातलं आणि निवांत झोपले.

सकाळी रतन दारात आला. काकी घरी पोचली नव्हती.

"आली होती," मी म्हटलं. "शिसं घेऊन गेली."

"कुठल्या अंगाला?"

मी समुद्राकडे हात केला. रतन पायरीवर बसला. हे बाहेर आले, होडी काढू, माणसं बोलावू, जाळी टाकू, म्हणाले. रतनने मान वर केली नाही.

"दुसऱ्या जाळ्यात आमच्यातला कोणी येत नाय, साहेब," तो म्हणाला. "आणि त्या जाळ्याला आता शिसं नाय. टाकलं तर वरच तरंगेल."

 मी केव्हापासून यांचा दंड घट्ट धरून उभी होते, आणि रतनच्या समोर तरी तो सोडावा, हे मला सुचलं नाही.