नऊ नंबर हजर

मित्रांनो, निवारा केंद्राच्या भिंतीवर बारा खुंट्या आहेत. नवव्या खुंटीवरचे जुने नारिंगी जाकीट म्हणजे मी. माझ्या पाठीवर मोठा नऊ आहे. अंधुक उजेडात दार उघडणारा दचकतोच. भिंतीकडे तोंड करून बारा माणसे उभी आहेत, असे वाटते.

मी जिथे शिवले गेले, तिथे माझ्यासारखी चारशे जाकिटे एका दिवसात तयार झाली. त्यामुळे बालपण असे काही सांगता येत नाही. गठ्ठा बांधून आम्ही नगरपालिकेत आलो. ज्यांना घर नाही, त्यांना काम द्यायची योजना तिथे निघाली होती. रोज सकाळी सहाला मुकादम या केंद्रावर येई. तो ज्याला जाकीट देई, त्याला काम मिळे. रस्ते झाडायचे, गटाराच्या तोंडचा गाळ काढायचा, बागेतला पाला भरायचा. हजेरी नंबरावर लागे आणि मजुरी हातात मिळे.

मला आधी एक म्हातारा घालत असे. सगळे त्याला बाबा म्हणत. त्यांचा डावा खांदा उतरलेला होता. दोन वर्षे त्यांनी मला रोज स्वतः धुतले. एका सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. त्यांना दवाखान्यात नेले आणि तिथेच ते वारले.

मुकादमाने त्यांचे नाव खोडले नाही. तो पैसे खाणारा नव्हता, घाबरणारा होता. "नंबर बंद केला की वरून जागाच कापतात," तो म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याने मला एका बाईच्या हातात दिले आणि हजेरीच्या पुस्तकात बाबांच्या नावापुढे खूण केली.

नवरा गेल्यावर दिराने त्या बाईला घराबाहेर काढले होते. तिची सात वर्षांची मुलगी वसतिगृहात होती. सात महिने भरत आले, तेव्हा तिथल्या बाईंनी बजावले, "तुमच्या नावाचा कामाचा कागद आणा आणि मुलीला न्या. महिनाअखेरपर्यंत वाट बघू. नंतर तिला लांबच्या संस्थेत पाठवावं लागेल."

मित्रांनो, कापडाला विसरता येत नाही. बाबांचा उतरलेला खांदा माझ्यात राहून गेला होता. मला घालायला लागल्यापासून दोन महिन्यांतच त्या बाईचाही डावा खांदा उतरला होता. बागेत बाकावर बसणाऱ्या एका आजी एकदा तिच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "बाबा, हल्ली बोलत नाही तुम्ही?"

"ओ," ती म्हणाली. मग तिने झाडू खाली टाकला आणि दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपून पाहिला. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. सांगावे वाटले की बाई, चूक माझी आहे. पण मी पडले जाकीट.

मग नवा नियम आला. नव्वद दिवस भरलेल्यांना वर्षभराच्या कामाचे कार्ड मिळणार होते. तिचे तर सात महिने भरले होते. भिंतीवर यादी लागली, तेव्हा ती धावतच गेली.

"काका, नऊपुढे बाबांचं नाव आहे."

"मग? नंबर तुझाच आहे ना?" मुकादम म्हणाला.

"बाबा वारलेत."

"दवाखान्यात वारलेत. पुस्तकात कुठे वारलेत?" बोलून गेल्यावर तो स्वतःच ओशाळला. "हे बघ, उद्या कचेरीतल्या बाई नाव पुकारतील. 'हजर' म्हण, कार्ड घे. जास्त शहाणपणा केलास तर कार्डही जाईल आणि जागाही."

"त्या कार्डावर मुलगी कशी देतील मला?"

मुकादमाने पुस्तक मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराजण रांगेत उभे राहिले. अधिकारी बाई खाली मान घालून नावे वाचत होत्या. आठ वेळा 'हजर' आले, आठ कार्डे गेली. मग त्यांनी बाबांचे नाव वाचले. मुकादम दात आवळून पुटपुटला, "म्हण ना!"

तिने मला अंगातून काढले. "ते वारले, बाई. सात महिने मीच झाडतेय."

अधिकारी बाईंनी मान वर केली. "मग ही हजेरी कोणाची?"

तेवढ्यात रांगेतून चार नंबरचा माणूस पुढे झाला. तो पूर्वी केस कापायचा, म्हणून त्याला सगळे कात्री म्हणत. एरवी तो हसवायचा. आता त्याचा आवाज कापत होता. "बाई, मघाशी हजर म्हणालो, ते खोटं होतं. चार नंबर मागच्या थंडीत गेला. मी दुसराच आहे." त्याने कार्ड टेबलावर ठेवले आणि जाकीट काढले. मग दोन नंबरनेही तेच केले. मग सात. मग अकराने, नाव पुकारण्याआधीच. त्या खोलीत बारा माणसे होती, आणि पुस्तकात पाच मेलेली माणसे रोज कामावर येत होती.

अधिकारी बाईंनी पुस्तकावरचा हात पटकन मागे घेतला.

"सगळ्यांनी जाकिटं काढा," त्या म्हणाल्या. "मला माणसं बघू द्या."

"जागा कापतील हो, बाई," मुकादम काकुळतीला आला.

"वरच्यांशी मी भांडेन. यांच्या दिवसांची साक्ष कोण देणार?"

"आम्ही देतो की," कात्री म्हणाला. "रोज तिच्या शेजारी झाडतोय. माझ्या वाट्याचा कचरा माझ्याकडेच लोटते ही!" इतक्या वेळाने कोणीतरी हसले.

बाईंनी नवे पान काढले. "नाव?"

ती गप्प उभी राहिली. सात महिन्यांत तिला ते कोणी विचारलेच नव्हते. अखेर तिने हळूच सांगितले. मी ते इथे सांगत नाही. फार दिवसांनी परत मिळाले आहे, तिच्याजवळच राहू द्या. बाईंनी ते कार्डावर लिहिले. मग जुन्या पुस्तकात बाबांच्या नावावर रेघ मारून ते गेल्याची तारीख घातली. त्या दिवशी बाबांचे काम थांबले.

महिना संपायला दोन दिवस होते. ती मुलीला घेऊन आली.

मित्रांनो, रस्त्यात कोणी पाठमोरे झाडताना दिसले, तर आकडा वाचून पुढे जाऊ नका. वळसा घालून समोर या आणि नाव विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.