चिंध्या बांधलेले हात

"आधी हात धू! असल्या हातांचा फोटो काढतात होय?" थोरली नळावरूनच माझ्यावर खेकसली.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही तिघी जावा एकाच मोठ्या गोठ्यावर कामाला. तिथं जनावरांसाठी मक्याची कुट्टी करणारं मशीन होतं. पुढच्या तोंडात धाटं सारायची, आत पाती गरगरायची, मागून बारीक चारा उडायचा. मागं एकदा या मशीननं एका गड्याचा पंजा खाल्ला, तेव्हा कुठं मालकाला जाग आली. त्यानं शहरातून कॉम्प्युटरवाली पोरगी बोलावली. ती मशीनच्या तोंडावर कॅमेरा बसवणार होती. हात पात्यांजवळ गेला की कॅमेरा ओळखणार आणि मशीन जागच्या जागी थांबणार.

"त्याला कसं कळणार, हात कुठला आणि धाट कुठलं?" मधल्या जाऊबाईंनी तिला विचारलं.

"तुमच्या हातांचे ढीगभर फोटो त्याला दाखवायचे, मावशी. बघून बघून ते आपलं आपण शिकतं."

"लेकरासारखं?"

"तसंच."

"मग नीट शिकव, बाई. नवरा अंथरुणाला खिळलाय, पदरात दोन पोरी आहेत. या दोन हातांवर माझं घर चाललंय."

पोरगी गोड होती, हसून हो म्हणाली. पण तिनं आम्हाला काम करताना पाहिलंच नव्हतं. त्या आठवड्यात पावसानं नुसतं झोडपून काढलं होतं. वावरात गुडघाभर चिखल, त्यामुळं कापणी बंद आणि मशीनही बंद. एरवी आमचे हात उघडे नसतातच. मक्याची पात वस्तऱ्यासारखी कापते, म्हणून आम्ही बोटांच्या टोकांपर्यंत जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळतो. दोन दिवसांत त्या चिकानं हिरव्यागार होतात. पण आता फोटो काढायचा, तोही शहरातल्या पोरीनं! थोरलीनं फर्मान सोडलं आणि आम्ही सगळ्या बायकांनी चिंध्या सोडून, नखातली माती काढून, हात लख्ख घासले. मधलीनं तर वरून तेलाचं बोट फिरवलं. पाहुण्यांसमोर बसावं तशा आम्ही हात पुढं करून बसलो.

कॅमेरा बसला. पोरीनं सगळ्यांसमोर स्वतःचा गोरा हात आत घातला. मशीन खाडकन थांबलं. गोठ्यावरच्या मुकादमानं टाळ्या पिटल्या.

"आता डोळा आहे त्याला," तो म्हणाला. "बिनधास्त हाणा!"

पाऊस जरा ओसरून कापणी सुरू झाली, तशा आम्ही पुन्हा चिंध्या गुंडाळल्या आणि हाणलं. पूर्वी शेवटची धाटं काठीनं ढकलायचो, जीव मुठीत धरून. आता काठी कोण शोधत बसतो? हातानंच सारायला लागलो. आमचा हात तिथवर जाऊनही मशीन थांबत नाही, याचं कुणाला काही वाटलं नाही. पात्यांपासून हात अजून लांब असेल, एवढंच वाटायचं.

मग पाऊस पुरता उघडला आणि ऊन असं तापलं की चिखलाची वाफ अंगावर यायला लागली. धाटं ओलीकच्च होती. मधलीचा धाटांचा पेंढा मशीनच्या तोंडात अडकला. तिनं हातानं रेटला आणि एकदम आत गेली ती कोपरापर्यंत. मशीन चालूच. तिची किंकाळी ऐकून मी बटणावर झेप घेतली, तेव्हा ते थांबलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. चिंधी लाल झाली होती आणि ती मला विचारत होती, "थांबलं का नाही गं? थांबलं का नाही?"

पोरगी धावत आली. कॅमेऱ्यात काय दिसलं ते तिनं स्क्रीनवर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि पांढरीफटक पडली.

"त्याला हे धाट वाटलं," ती म्हणाली. "हिरव्या चिंधीतला हात मी त्याला दाखवलाच नव्हता."

थोरली तिथंच मातीत बसली. "मीच धुवायला लावले गं सगळ्यांना," म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आजवर आम्ही तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पोरीनं नव्यानं फोटो काढले. या खेपेला चिंध्यांसकट, चिखलासकट. जखम भरून मधली परत आली तेव्हा सगळं जुळवून झालं होतं. पाती काढून ठेवली होती, धाटं आत ओढणारा नुसता पट्टा फिरत होता. आम्ही एकेकीनं हात घातला की पट्टा थांबायचा. मग मधलीनं आपला उजवा हात घातला. पट्टा फिरतच राहिला. तिनं हात काढला, पुन्हा घातला. काही फरक नाही.

"असा हात त्यानं कधी पाहिला नाही, मावशी," पोरगी खाली बघत म्हणाली. "आणि एकट्या तुमच्या हातावर ते शिकणार नाही. अशा पुष्कळ जणींचे हात लागतील."

"म्हणजे आणखी बायकांची बोटं जायची वाट बघू म्हणतेस?"

उत्तर मुकादमानं दिलं. "ज्याचा हात मशीन ओळखत नाही, त्यानं मशीनपाशी उभं राहायचं नाही. मालकाचं सक्त सांगणं आहे. तू जा घरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोटं मशीननं घ्यायची आणि वर घरीही हिलाच बसवायचं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मधलीनं डाव्या हातानं मला मागं सारलं.

"मशीनपाशी नाही येत मी," ती मुकादमाला म्हणाली. "पण वावरातून भारे आणायला माणूस लागतंय ना? त्याला बोटं कशाला पाहिजेत?"

"ते गड्यांचं काम आहे."

"मग आजपासून मला गडी म्हणा."

बघू तर, म्हणत तो आमच्या मागोमाग वावरात आला. मधलीनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडं वळली. "उचलू लाग गं."

ओला भारा मलाही उचलवेना. तो डोक्यावर बसला तशी तिची मान खांद्यात गेली, पाय चिखलात रुतले. मी म्हटलं, "जाऊबाई, थोडा काढू का?" ती म्हणाली, "नको. मुकादम बघतोय."

आणि चालायला लागली. मी डोळे पुसले आणि तिच्यासाठी पुढचा भारा बांधायला वाकले.