सोललेल्या काड्या

शनिवारी दुपारी कॅप्टन सतरंजीवर मांडी घालून बसला होता. हे त्याच्या हॉटेलातल्या कुणाला सांगितलं असतं, तर त्याने आधी कॅप्टनच्या तब्येतीची चौकशी केली असती. वेटरांवर देखरेख करणाऱ्याला हॉटेलात कॅप्टन म्हणतात, आणि या गृहस्थाला तर घरीदारी सगळे तेच म्हणत. गेली कित्येक वर्षं हा माणूस उभाच होता. उभ्या उभ्या जेवायचा, उभ्या उभ्या फोनवर भांडायचा, आणि कुणाचं ताट रिकामं दिसलं की त्याचा हात डोक्याला न विचारता पुढे जायचा. एकदा मेहुणीकडे त्याने तिच्या सासऱ्यांपुढचं अर्धं भरलेलं ताट उचलून नेलं होतं. सासरे अजूनही चारचौघांत ती गोष्ट काढतात.

अशा माणसाला आज न हलण्याची शिक्षा झाली होती. त्याच्या लेकीच्या गाइड पथकाचा हा घरच्यांसह कॅम्प होता, आणि पथकाचा रिवाज असा की सगळं मुलींनीच करायचं. तंबू मुलींनी ठोकायचे, चूल मुलींनी पेटवायची, भांडी मुलींनी घासायची. आईवडिलांनी पाहुण्यासारखं सतरंजीवर बसायचं, दिलेलं खायचं आणि बरं झालंय म्हणायचं. मुलीने हाक मारल्याशिवाय जो उठला, त्याच्या मुलीला दिवसभर सगळ्या चिडवत.

बसमध्ये लेकीने त्याला बजावलं होतं. "बाबा, तुला एकच काम आहे. काही करायचं नाही."

"हे काय काम झालं?"

"तुला तेच जमत नाही. मावशी बघ, मस्त बसते. वाचते, झोपते, टाळ्या वाजवते."

दर वेळी मावशीच यायची. शनिवार-रविवार म्हणजे हॉटेलात मरायला फुरसत नसते, आणि लेकीची आई नर्स असल्यामुळे तिच्या सुट्ट्या कधी लागतील ते तिलाच माहीत नसायचं. या खेपेला मात्र लेकीने हट्ट धरला होता. ती पहिल्यांदाच प्रमुख झाली होती, सगळ्यात धाकट्या मुलींच्या तुकडीची. दंडाला पिवळी पट्टी लावून ती घरात आठवडाभर मिरवत होती. "या वेळी बाबाच हवा," असं ती आईला म्हणाली, आणि दाराआडून ते कॅप्टनने ऐकलं. मालकाकडे सुट्टी मागताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. तेव्हा आता काहीही झालं तरी हा कॅम्प नीट पार पाडायचा आणि लेकीने पुढच्या वेळीही आपलंच नाव घ्यायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

पण इच्छा एकीकडे आणि हात दुसरीकडे. जेवणं झाली तेव्हा सतरंजीवर उष्ट्या ताटल्या पडल्या होत्या आणि कुणी उचलत नव्हतं. शेजारी एक दंतवैद्य पालक हाताची उशी करून घोरत होते. पलीकडे एका मुलीची आजी लोकर विणत बसली होती. कॅप्टनने बोटं मोडली. बुटांच्या नाड्या सोडल्या, बांधल्या. सतरंजीच्या चारही कडा सरळ केल्या, तेवढ्यासाठी आजींना दोनदा सरकायला लावलं.

"काही हरवलंय का?" आजींनी विचारलं.

"नाही. उगाच."

"मग बसा की हो. मला तुमच्याकडे बघून घेरी येतेय."

तो उठला. पाय मोकळे करण्याला काही मदत म्हणत नाहीत, असं त्याने मनाशी ठरवलं. मुली भांडी घासण्यात गुंतल्या होत्या. पाण्याच्या टाकीमागून एक पायवाट झाडीत जात होती, तिच्यावरून तो चालू लागला. चालता चालता त्याला आठवलं की चुलीजवळ लाकूड फार उरलेलं नाही. संध्याकाळी लेकीच्या तुकडीची पाळी होती. थोडं जळण हळूच नेऊन ठेवलं, तर कोण बघायला बसलंय? मदत ती दिसली तरच मदत.

आणि जळण तरी काय मिळावं! पुढे ओढ्याकडच्या पायवाटेवर, थोड्या थोड्या अंतरावर, वाळक्या काड्या आयत्या पडल्या होत्या. सगळ्या बोटाएवढ्या जाड, हातभर लांब, आणि एका टोकाला साल सोललेल्या. कुणीतरी काम अर्धवट टाकून गेलंय, असं त्याला वाटलं. लोकांच्या या सवयीवर त्याचा जुना राग होता. त्याने एकेक काडी उचलली, मूठभर झाल्या की काखेत घेतल्या, आणि ओढ्यापर्यंतची वाट अशी साफ करून टाकली की मालकाने शाबासकी दिली असती. परत येऊन त्याने मोळी चुलीशेजारी रचली आणि गुपचूप सतरंजीवर जाऊन बसला. कितीतरी वेळाने त्याला बरं वाटलं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि लेकीची तुकडी रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढे लेक, मागे चिमुरड्या, आणि शेवटी जिला सगळ्या बटण म्हणत ती, पाठीवरच्या पिशवीपेक्षा जेमतेम मोठी.

"खुणांच्या मागावर चाललो," लेक जाता जाता म्हणाली. "चहाच्या आत परत येतो. बसला आहेस ना?"

"बसलोय की."

तिने खूश होऊन अंगठा दाखवला आणि ती निघाली.

चहा झाला. मोठ्या मुलींनी कप धुतले. दंतवैद्य उठले, पुन्हा आडवे झाले. लेकीची तुकडी आली नाही. कॅप्टनने टाकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा टाकीकडे पाहिलं. हॉटेलात ऑर्डर उशिरा आली की तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राही आणि त्याच्या नुसत्या उभं राहण्याने आतली गती वाढे. इथे कुठल्या दारात उभं राहायचं ते कळेना.

पथकाच्या ताई चुलीपाशी आल्या. त्या रोज शहरातली बस चालवत आणि सुट्टीच्या दिवशी हे पथक चालवत. दोन्हीकडे आवाज न चढवता काम होत असे. चुलीत घालायला म्हणून त्यांनी मोळीतली एक काडी काढली आणि हात तसाच थांबला. त्यांनी दुसरी काढली. तिचंही टोक पाहिलं.

"हे कुणी आणलं?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कॅप्टनने आधी विचार केला की गप्प बसावं, लेकीची फजिती नको. पण ताईंचा चेहरा पाहून तो उठला आणि जवळ जाऊन हळूच म्हणाला, "मी. जरा पाय मोकळे करायला गेलो होतो. ओढ्याच्या वाटेवर पडलं होतं, म्हटलं उपयोगी पडेल."

"पडलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "मांडलं होतं. सकाळी मोठ्या मुलींनी. साल सोललेलं टोक जिकडे, तिकडे जायचं."

कॅप्टनला उमगलं. पोरीच्या वाटेवरच्या सगळ्या पाट्या आपण काखोटीला मारून आणल्या आणि वर त्यावर चहा उकळून प्यायला. ओढ्याकाठी वाटेला तीन फाटे फुटतात, हे त्याने स्वतःच पाहिलं होतं. तो पळतच सुटला, पण टाकीपाशी ताईंनी त्याला गाठलं.

"कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? आणायला!"

"आणि तुम्हाला कोण आणणार? वाट माहीत आहे का?" ताईंनी सकाळी खुणा मांडणाऱ्या दोघी मोठ्या मुलींना हाक मारली, त्यांच्याशी दोन वाक्यं बोलल्या आणि त्यांना पुढे घालून स्वतः निघाल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "खूण तुटली की आहे तिथेच बसायचं आणि शिट्टी वाजवायची, हे मुलींना शिकवलंय. ओढ्याच्या आवाजात आपल्याला ऐकू येत नसेल, एवढंच. त्या बसल्या असतील. तुम्हीही बसा."

तो बसला नाही. टाकी ते चूल आणि चूल ते टाकी अशा त्याने येरझारा घातल्या. लेक बसली असेल का? त्याची लेक? एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि ते रक्त कुणाचं होतं हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. ती म्हणाली असेल, चला, मी शोधते वाट. तिन्ही फाट्यांपैकी एकावर गेली असेल. पुढे काय होतं? उतार होता का? बटणने पिशवीसकट ओढ्यात पाय घातला तर? बायकोला काय सांगायचं? त्याला स्वतःच्या हातांचा इतका संताप आला की त्याने ते खिशात कोंबले, आणि खिशातही ते चाळे करतच राहिले.

आजी विणायची थांबली होती. "येतील हो," ती म्हणाली. तिची नातही त्याच तुकडीत होती, आणि काड्या कुणी उचलल्या हे तिला ठाऊक नव्हतं. कॅप्टनला तिच्याकडे बघवेना.

ऊन झाडांच्या मागे गेलं तेव्हा शिट्टी ऐकू आली. मग दुसरी, जवळून. टाकीमागून आधी ताई आल्या, मग चिमुरड्या, चिखलाने माखलेल्या पण धडधाकट, आणि बटण एका मोठ्या मुलीच्या पाठीवर झोपलेली. सगळ्यात शेवटी लेक. आजीने नातीला पोटाशी धरलं. कॅप्टन धावला, पण लेक त्याच्याकडे न बघता सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सगळे भोवती जमले.

"मुलींनी अगदी बरोबर केलं," ताई म्हणाल्या. "ओढ्याच्या फाट्यापाशी खूण दिसेना, तेव्हा तिथेच बसून राहिल्या. हिने एकीलाही उठू दिलं नाही. गोष्टी सांगत होती त्यांना."

टाळ्या वाजल्या. लेकीचा चेहरा मात्र दगडासारखा होता. तिने दंडावरची पिवळी पट्टी सोडली आणि ताईंपुढे धरली.

"मला नको ही," ती म्हणाली. "खुणा मला दिसल्याच नाहीत. कुठेतरी माझ्याकडून सुटल्या. या सगळ्या माझ्यामुळे अडकल्या. बटण रडली."

"ताई, आम्हालापण नाही दिसल्या," एक चिमुरडी लेकीला म्हणाली.

"तू लहान आहेस. बघायचं काम माझं होतं."

ताईंनी पट्टी घेतली नाही. त्यांनी कॅप्टनकडे नुसतं पाहिलं. त्या आपल्या तोंडाने सांगणार नाहीत, हे त्याला कळलं. तो गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. मुली चार दिवसांत विसरल्या असत्या. लेकीला तो बसमध्ये समजावू शकला असता, होतं असं, चालायचंच. आणि बोललं तर? पुढच्या कॅम्पला कोण येणार, हे आत्ताच ठरलं असतं.

माफी मागणं हा खरंतर त्याचा धंदा होता. आमटीत केस निघो की बिल चुको, कमरेत वाकून तो अशी काही माफी मागे की गिऱ्हाईकच ओशाळून जाई. आज त्यातला एकही शब्द तोंडात येईना.

"काड्या मी उचलल्या," तो म्हणाला.

लेकीने वर पाहिलं. "कुठल्या काड्या?"

"वाटेवरच्या. ओढ्यापर्यंतच्या सगळ्या. जळण म्हणून आणल्या. तुम्ही निघायच्या आधी."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. दंतवैद्य खाली बघू लागले. आजीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यापेक्षा तिने सुई टोचली असती तर परवडलं असतं. लेकीला मात्र यातलं काहीच दिसत नव्हतं. तिच्या कपाळावर आठी पडली होती, अवघड गणित सोडवताना पडते तशी.

"म्हणजे मी गेले तेव्हा तिथे खुणा नव्हत्याच?"

"नव्हत्या."

"एकही?"

"एकही नाही, बाळा. मी एकही ठेवली नव्हती."

"मग मी चुकले नव्हते?"

"तू कशाला चुकशील? मी चुकलो."

इतका वेळ न रडलेली लेक तेव्हा रडली. पुढे येऊन तिने दोन्ही मुठींनी त्याच्या पोटावर मारायला सुरुवात केली, चांगलं सणसणीत, आणि मारता मारता शर्टात तोंड खुपसलं. "मला वाटलं मला काही येतच नाही," ती म्हणत होती. "मी सगळीकडे बघितलं, बाबा. पुन्हा पुन्हा बघितलं. मला वाटलं मला दिसतच नाहीये." आपल्याला ती अंधारात, पाण्यात, दरीत दिसत होती, आणि पोर एका जागी बसून स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेत होती. हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तिने नाक त्याच्या शर्टालाच पुसलं आणि मान वर केली. डोळे लाल होते, पण त्यांत आता राग होता, आणि तो पाहून त्याला हायसं वाटलं.

"सगळ्यांना सांग," ती म्हणाली.

"सांगितलं की आत्ता."

"तू काड्यांचं सांगितलंस. माझं सांग. माझ्या तुकडीला."

चिमुरड्या ओळीने उभ्या होत्या. बटण अर्धवट झोपेतच डोळे चोळत होती. कॅप्टनने हात पँटला पुसले, घसा साफ केला आणि गर्दीच्या वेळी स्वयंपाकघरात ऑर्डर ओरडावी तसा ओरडला, "तुमची ताई चुकली नव्हती!"

"बटण झोपली होती," लेक म्हणाली. "परत सांग."

त्याने परत सांगितलं.