वसतिगृहातला लाल थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. पोटात काचेची बाटली, अंगावर लाल पत्रा. चीनमधल्या च्वानचौ शहरातल्या कारखान्यात जन्मलो आणि तिथल्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात राबलो. परदेशी मुलं पाणीघरातून उकळतं पाणी भरून मला खोलीत न्यायची. माझ्यातलं पाणी सकाळपर्यंत गरम राहतं, असं कौतुकही करायची.

एका वर्षी इंडोनेशियाहून वेलिना आली. तिची आजी इथल्याच एका खेड्यातली. लग्न होऊन समुद्रापार गेली, ती परतलीच नाही. तिकडे तेव्हा चिनी बोलण्यावर बंदी, आपली गावची बोली बोलायची भीती, म्हणून नातीलाही तिनं शिकवली नाही. मरताना एवढंच म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीला भेट. म्हणावं, ताई तुला विसरली नव्हती."

वेलिनाच्या खोलीत नॉर्वेची ईडा राहायची. ती पाणीघरात अडखळत दोन शब्द बोलली, की पाणीघर सांभाळणाऱ्या छेन मावशी टाळ्या पिटायच्या. वेलिना बोलली, की म्हणायच्या, "अगं, चेहरा आपल्यातला आणि बोलणं असं? आईबापांनी काही शिकवलं नाही होय?"

वेलिना मान खाली घालायची. खोलीत येऊन मात्र आजीचं ते वाक्य चिनीत घोकत बसायची. वर्षभरात तिचं वर्गात शिकवतात ते प्रमाण, सरकारी चिनी खणखणीत झालं. पण आजीच्या बहिणीचा पत्ता लागला, तेव्हा ती म्हातारी इस्पितळात होती.

मला उराशी धरून वेलिना तिथं गेली. खाटेशी बसून तिनं ते वाक्य म्हटलं. म्हातारी शेजारी उभ्या मुलाकडे, चिंगफूकडे वळली. त्याला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ती, मामा?"

चिंगफू मामा ओशाळला. "तिला फक्त गावची बोली कळते गं. विचारतेय, ही सरकारी बाई कशाला आलीय?"

"मग तुम्ही सांगा ना!"

मामानं सांगितलं. म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"म्हणतेय, ताईची नात आपल्यासारखी बोलली असती. ही दुसरीच कुणीतरी आहे."

वेलिनानं पेल्यात पाणी ओतून पुढे केलं. म्हातारीनं ते घेतलं नाही.

त्याच आठवड्यात म्हातारी वारली. अंत्यविधीला आल्यागेल्याच्या चहासाठी वेलिनानं मलाही नेलं होतं. घरचे पांढऱ्या कपड्यांत पुढे उभे होते. वेलिना त्यांच्यात जाऊ लागली, तशी मामानं तिला हळूच मागे घेतलं. "तू पाहुणी आहेस, बाळा. वाईट वाटून घेऊ नकोस."

ती रडली नाही. शिक्षण अर्धवट टाकून निघून गेली.

पुढे माझी काच फुटली आणि मी अडगळीत पडलो. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांची बोली ते आहेत तोवर शिकून घ्या. आणि दुरून कुणी तुमच्या दारात येऊन मोडकंतोडकं बोललं, तर आधी त्याला आत बोलवा. तो कुणाचा, हे त्याच्या उच्चारांवरून ठरवू नका.